रांगेतून उभी राहिलेली संस्था

नाट्यसंस्थेचा इतिहास सांगायचा तर आधी स्थापनेची तारीख येते आणि मग नाटकांची यादी. पुण्याच्या थिएटर अकादमीचा इतिहास असा सांगताच येत नाही. तिथे नाटक आधी उभं राहिलं, त्याचे १९ प्रयोग झाले, ते बंद पडलं, आणि ते पुन्हा करता यावं म्हणून त्या मंडळींना संस्था काढावी लागली. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’.

ही स्मरणिका नांदेड आणि लातूरच्या तरुण रंगकर्मींच्या हाती जाणार आहे. त्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच मी हा इतिहास लिहितो आहे. नाच, गाणं आणि ताल यांवर पेललेलं, रंगमंच माणसांनी भरून टाकणारं नाटक हौशी तरुणांनी करायला घेतलं तर त्यांच्याकडून ते काय काय मागतं आणि बदल्यात काय देतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठीत मला दुसरं दिसत नाही.

सुरुवात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनपासून करायला हवी. नाटकवाले तिला ‘पीडीए’ म्हणतात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात उभी केलेली ही हौशी संस्था. डॉ. श्रीराम लागू याच संस्थेत घडले. तालीम वेळेवर सुरू करायची, पाठांतर चोख ठेवायचं आणि संहितेचा मान राखायचा, ही शिस्त पीडीएने पुण्यातल्या दोन पिढ्यांना लावली. पुढे जे घडलं त्यामुळे या संस्थेचं नाव अनेकदा एका ओळीत उरकलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. ‘घाशीराम’ करणारी मंडळी तिथेच तयार झाली होती.

साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे नवी मुलं येऊ लागली. त्यांतली बरीच बी. जे. मेडिकल कॉलेजची होती. जब्बार पटेल मूळचे पंढरपूरचे, सोलापुरात वाढलेले आणि बालरोगतज्ज्ञ होऊ घातलेले. मोहन आगाशे पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने १९६३पासून पुण्याच्या महाविद्यालयांत एकांकिकेचं वारं भरलं होतं आणि ही पिढी त्याच वाऱ्यावर वाढलेली होती. १९७० साली जब्बार पटेलांनी पीडीएसाठी तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ बसवलं. लेखक आणि दिग्दर्शक यांच्यात त्यातून विश्वास तयार झाला, आणि त्या विश्वासावरच पुढची उडी घेता आली.

‘अशी पाखरे येती’ हे घरातल्या चार भिंतींतलं नाटक. ‘घाशीराम’मध्ये भिंतच माणसांची होती. तेंडुलकरांनी उत्तर पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट घेतली आणि ती सांगायला संवादांऐवजी प्रामुख्याने लय वापरली. पडदा उघडतो तेव्हा ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असते. ही माणसं गातात, डोलतात, एका ठेक्यावर पावलं टाकतात. पाठ फिरवली की त्यांची भिंत होते. मधून दोघे सरकले की दार उघडतं. तीच रांग क्षणात बाजार होते, वाडा होते, देऊळ होते आणि शेवटी दगड घेऊन उभा राहिलेला जमाव होते. रांगेची ही कल्पना कोकणातल्या खेळ्यांतून आली. त्यात दशावतार, कीर्तन, भजन, लावणी असं सगळं मिसळलं.

संगीत भास्कर चंदावरकरांचं. पं. रविशंकरांकडे सतार शिकलेला हा संगीतकार पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होता. गाणी नाटकाच्या मधेमधे पेरण्याऐवजी अख्खं नाटकच एका तालावर कसं पुढे नेता येईल, हा त्यांनी सोडवलेला प्रश्न. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. मुळगुंदांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याविषयी दोन वाक्यं जास्त लिहितो. त्यांच्या पुढ्यात डॉक्टर, नोकरदार, विद्यार्थी अशी मंडळी होती. नृत्याची तालीम घेऊन आलेली माणसं हाताशी नसताना सगळं नाटक पायांवर उभं करायचं होतं. त्यांनी या मंडळींना नर्तक बनवायचा खटाटोप केला नाही. चालणं, वळणं, डोलणं, मान हलवणं, कमरेत वाकणं, एवढ्या साध्या हालचाली घेतल्या आणि त्या सगळ्यांकडून एकाच वेळी, एकाच मापात करून घेतल्या. ‘घाशीराम’चं नृत्य कठीण आहे ते याच कारणासाठी. एकट्याने करायला त्यातलं काहीच अवघड नाही, सगळ्यांनी मिळून करायला सगळंच अवघड आहे.

हे कागदावर वाचून पटत नाही. कुठल्याही महाविद्यालयाच्या सभागृहात बारा मुलं खांद्याला खांदा लावून उभी करावीत आणि चार मात्रांवर फक्त डावी-उजवीकडे डोलायला सांगावं. पहिल्या मिनिटाला सगळी आपापल्या पायांकडे बघतात. पायांकडे बघितलं की मान खाली जाते आणि आवाज छातीत अडकतो. मग गाणं सुरू केलं की डोलणं थांबतं, डोलणं सांभाळलं की गाण्याचा श्वास तुटतो. मधली मुलं दोन्हीकडच्या खांद्यांवरून अंदाज घेतात. कडेच्या मुलाला मात्र एकाच बाजूचा आधार असतो, त्यामुळे लय चुकायला सुरुवात तिथून होते आणि रांगेतून सरकत दुसऱ्या टोकाला पोचते. म्हणून जुने-जाणते दिग्दर्शक सगळ्यात पक्का गडी कडेला उभा करतात. आणि एखादा मुलगा तालमीला आला नाही तर त्याची जागा बंद करून भागत नाही. शेजाऱ्याचा खांदा अर्धा हात लांब जातो आणि सगळ्यांचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. एरवीच्या नाटकात छोट्या भूमिकेतला नट गैरहजर असेल तर कुणीतरी वही धरून त्याची वाक्यं वाचतं आणि तालीम पुढे जाते. रांगेच्या नाटकात ही सोय नाही. सगळे रोज हवेत.

ही गोष्ट मी या इतिहासाचा गाभा मानतो. पुढे संस्थेत जे जे घडलं त्याची मुळं या ‘सगळे रोज हवेत’मध्ये आहेत.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला, राज्य नाट्य स्पर्धेत. म्हणजे आज आपल्या नांदेड केंद्रावर जी स्पर्धा होते तीच ही स्पर्धा. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले होते आणि रमेश टिळेकर घाशीराम. नानाची भूमिका बोलण्याइतकीच शरीराची होती. राज्यकारभार पाहणारा बुद्धिमान माणूस लावणीच्या ठेक्यावर लचकत चालतो तेव्हा प्रेक्षकाला हसू येतं, आणि पुढच्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटते. गाणाऱ्यांत चंद्रकांत काळे आणि रवींद्र साठे होते. पुढे दोघांनीही मराठी गाण्यात आणि रंगभूमीवर स्वतःचं नाव केलं, पण त्यांची पहिली ओळख सगळ्यांबरोबर, सगळ्यांमधून गाणारे गायक हीच होती.

इथे आपल्या भागातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इतिहासातला घाशीराम सावळदास हा औरंगाबादचा. तेंडुलकरांनी नाटकात त्याला कनोजचा केलं, पण तो पुण्याला गेला तो मराठवाड्याच्या मातीतून. पुण्याचा कोतवाल झाला, दराऱ्याला आला. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेलंगण तर नांदेडच्या वेशीलाच लागून आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याभोवती घडलेल्या त्या प्रकरणात मारणारा आणि मरणारे दोघेही गोदावरीच्या बाजूचे होते, हे ध्यानात आलं की हे नाटक ‘पुण्याचं’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हताच. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा माणूस कसा मोठा करते आणि काम झालं की त्याला जमावाच्या हवाली कसा करते, एवढंच त्यांना दाखवायचं होतं, आणि तसं ते सांगतही होते.

पण पुण्यात सगळ्यांनी ते तसं घेतलं नाही. नाना फडणवीसांची बदनामी झाली, ब्राह्मण समाजाची टवाळी झाली, असा आक्षेप निघाला. नाटक इतिहासाला धरून नाही, असंही म्हटलं गेलं. पीडीएच्या अध्यक्षपदी असलेल्या भालबा केळकरांना हे प्रयोग आपल्या संस्थेच्या नावावर चालू ठेवणं मान्य झालं नाही आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. भालबांचा निर्णय मला पटत नाही. पण त्यामागे भित्रेपणा होता असंही मी म्हणणार नाही. ज्या माणसाने संस्था उभी केली त्याला तिच्या नावाने रंगमंचावर काय यावं याबद्दल मत असणारच. अडचण अशी होती की दुसऱ्या बाजूलाही तेवढंच पक्कं मत तयार झालं होतं, आणि ते एका-दोघांचं नव्हतं.

चार पात्रांचं नाटक बंद पडलं असतं तर ते चार नट दुसऱ्या नाटकात गेले असते. दिग्दर्शकाने नवी संहिता हाती घेतली असती. ‘घाशीराम’ बंद पडलं तेव्हा तिसाहून जास्त माणसं एकदम बेकार झाली, आणि त्यांना एकमेकांशिवाय ते काम कुठेच करता येणार नव्हतं. त्यांचं कौशल्य एकेकट्याचं नव्हतंच. म्हणून ती पांगली नाहीत. त्यांनी पीडीए सोडली आणि २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर अकादमी स्थापन केली. त्यानंतरही नाटक लगेच उभं राहिलं नाही. पुन्हा पहिला प्रयोग व्हायला ११ जानेवारी १९७४ उजाडला. मधल्या काळात हातात नाटक नव्हतं, पैसा नव्हता, नाव नवं होतं. तरी माणसं टिकली. संस्थेच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ मी हाच समजतो, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे.

संस्था झाल्यावर तिने एकाच नाटकाच्या आधारावर बसून राहायचं नाकारलं. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. मेलेला कीर्तनकार स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो, असं ते नाटक. भाऊराव झाले चंद्रकांत काळे, संगीत आनंद मोडकांचं. ‘घाशीराम’मध्ये रांगेत मुरलेला ताल इथे एका माणसाच्या अंगात उतरला. मग आळेकरांचंच ‘महापूर’, आणि १९७९ साली ‘बेगम बर्वे’. १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवला, आणि त्यात नाट्यगीत, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर आले. अॅलेक पदमसींच्या इंग्रजी संगीतिकेत गाजलेला नंदू भेंडे हा गायक या मराठी तमाशात गात होता. पुढे अरुण साधूंचं ‘पडघम’ आलं, तेही तरुणांचं आणि संगीताचं. सगळीच नाटकं सारख्या ताकदीची झाली नाहीत. पण गाणं आणि हालचाल ही नाटकाची सजावट नसून त्याची भाषा आहे, ही समज या सगळ्यांतून वाहत राहिली.

१९८० साली ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा जुना विरोध नव्याने उसळला. पुण्यातली टवाळी परदेशात कशाला दाखवता, असा सूर होता. नटांना विमानतळावरच अडवायची भाषा झाली. शरद पवारांनी आतून मदत केली आणि कलावंतांना पुण्याहून गाजावाजा न करता मुंबईला नेण्यात आलं. दौरा झाला. मराठीचा एक शब्द न समजणारे प्रेक्षक जर्मनीत आणि इतरत्र ती रांग बघत बसले. त्यांना घाशीराम कोण आणि नाना कोण हे आधी समजावून सांगावं लागत असेल, पण भिंतीआड काय चाललंय आणि भिंत काय लपवतेय, हे सांगावं लागलं नाही.

या दौऱ्याने दिलेली एक गोष्ट तरुणांच्या नाटकाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. जर्मनीशी जुळलेल्या नात्यातून मोहन आगाशे बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ थिएटरकडे ओढले गेले. फोल्कर लुडविग यांनी घडवलेलं हे मुलांचं आणि किशोरांचं थिएटर. तिथे परीकथा नसतात. मुलांचे रोजचे प्रश्न असतात आणि ते गाण्यांतून मांडले जातात. १९८६ साली थिएटर अकादमीने श्रीरंग गोडबोले यांच्या ‘छान छोटे वाईट मोठे’पासून हे काम मराठीत सुरू केलं. मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि गाणी प्रत्यक्ष वाद्यांवर होतात. बालनाट्य म्हणजे राक्षस आणि परी, या समजुतीला पुण्यात छेद गेला तो इथून.

१९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आळेकरांनी अकादमीतर्फे दोन योजना चालवल्या. एक नव्या नाटककारांना लिहितं करण्याची, दुसरी पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांना उभं करण्याची. दुसरी योजना माझ्या मते संस्थेने केलेलं सर्वात दूरदृष्टीचं काम. आपण ज्यातून गेलो त्यातून जिल्ह्याजिल्ह्यातल्या संस्थाही जात असणार, हे ज्यांनी १९७३ पाहिलं होतं त्यांनाच कळणार. नाटक लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईला जावं लागू नये, ही त्यामागची ओढ आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. दत्ता भगतांनी नांदेडमध्ये राहून ‘वाटा पळवाटा’ लिहिलं आणि दलित रंगभूमीवरच्या चर्चेत नांदेडचं नाव कायमचं आणलं.

आता आपल्याकडे वळतो. नाच-गाण्याचं मोठं नाटक करायला नांदेड-लातूरची मुलं घाबरतात, हे मी वर्षानुवर्षं ऐकतो. कारण सांगितलं जातं की आपल्याकडे नृत्य शिकलेली मुलं नाहीत. मुळगुंदांकडे तरी कुठे होती? आणि आपल्याकडे जे आहे त्याकडे आपण नीट पाहिलेलं नाही. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे. टाळ-मृदंगाच्या लयीत फेर धरत, वळत, मागे-पुढे सरकत माणसं अभंग गातात. पाय थांबत नाहीत आणि गाणंही तुटत नाही. श्वास आणि पाऊल यांची जी सांगड रंगमंचावर महिनोन्‌महिने घासून बसवावी लागते ती तिथे बसलेलीच असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी, गोंधळी, तमाशाचे फड एकाच मैदानात भेटतात. लोहा तालुक्यातलं हे गाव नांदेडहून काही तासांवरही नाही. कोकणच्या खेळ्यांतून ‘घाशीराम’ची रांग येऊ शकली, तर औशाच्या फेरातून काय येईल, हे अजून कुणी पुरतं करून पाहिलेलं नाही.

अडचण दुसरीकडेच आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोकनृत्य वेगळं, समूहगान वेगळं आणि एकांकिका वेगळी. प्रत्येकाचा संघ वेगळा, तालीम वेगळी, बक्षीस वेगळं. स्पर्धेच्या सोयीसाठी ते तसं असणं समजू शकतं. पण त्यामुळे गाणारी मुलं एका खोलीत, नाचणारी अंगणात आणि नाटकवाली सभागृहात, असे तीन तुकडे पडतात. महोत्सव संपला की तिन्ही पांगतात. पुढच्या वर्षी निम्मी मुलं पदवी घेऊन गेलेली असतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. ज्या नाटकाला सगळे रोज हवेत, ते या चौकटीत बसतच नाही.

थिएटर अकादमीतल्या बहुतेकांचं पोट नाटकावर नव्हतं. दवाखाने, प्रयोगशाळा, कचेऱ्या सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते तालमीला यायचे. जब्बार पटेलांचा दवाखाना तर दौंडला होता. यातलं काहीही नांदेड किंवा लातूरच्या तरुणाला अशक्य नाही. इथेही बँकेत, शाळेत, कृषी खात्यात नोकरी करणारी, पूर्वी एकांकिका गाजवलेली माणसं आहेत. इथेही प्रेक्षागृहं आहेत, ढोलकी आणि संबळ वाजवणारे हात आहेत, विद्यापीठात नाट्य आणि संगीत शिकणारी मुलं आहेत. महोत्सव संपल्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी तालमीला यायचं, एवढं त्या सगळ्यांनी ठरवायचं बाकी आहे. त्या संध्याकाळी संहिता हातात नसली तरी चालेल. बाराजण एका रांगेत उभे करा, पक्का गडी कडेला ठेवा आणि चार मात्रांपासून सुरुवात करा.